विजूताईंनी मला राणी केलं

विजूताईंना करपलेली पोळी आवडायची. मुद्दाम करपवलेली नाही, ती त्यांना लगेच ओळखू यायची. गोष्ट ऐकता ऐकता माझं तव्यावरचं लक्ष उडालं आणि पोळी करपली, तरच ती त्या ताटात घ्यायच्या, वर तूप सोडायच्या आणि म्हणायच्या, "आज प्रकरण पास."

त्या मुलांसाठी पुस्तकं लिहायच्या. 'मागचं दार' नावाची त्यांची पुस्तकांची माळ होती, एकापाठोपाठ एक सहा भाग. सोनी नावाची एक पोरगी आणि दिवाणजी नावाचा तिचा बोकड, दोघं जुन्या गोष्टींमध्ये मागच्या दारानं शिरतात. पुढच्या दारानं गेलं की तेच ते, राजा, राक्षस, झोपलेली राजकन्या. मागच्या दारानं गेलं की राक्षसाची बायको भांडी घासताना दिसते. राजकन्येच्या उशाशी पंखा हलवत बसलेली दासी दिसते. राजकन्या झोपलीय तोवर त्या दासीला झोप नाही. "तिचं आजवर कुणी विचारलंय का?" ताई म्हणायच्या. दिवाणजी बोकड कुठल्याही राजासमोर उभा राहिला की दाढी हलवून "आधी अर्ज करा" म्हणायचा. ताईंचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, बोकडाची भाषा त्यांची होती. आमच्या गल्लीतली पोरं एकमेकांकडं बॅट मागायची असली तरी "आधी अर्ज करा" म्हणायची.

ताई पुण्याला पुतण्याकडं गेल्या होत्या, तिथंच वारल्या. ऋतुजाच्या शाळेत त्यांचा फोटो लावला, हार घातला, मुलांना त्यांच्यावर लिहायला सांगितलं. ऋतुजा म्हणजे माझी मुलगी. ती म्हणाली, "मम्मी, ताईआजीचं काही सांग ना. तू रोज त्यांच्याकडं होतीस." मी म्हणाले, "तुला माहीतच आहे सगळं." ती शाळेत गेल्यावर मी हे लिहायला बसले. हे शाळेसाठी नाही.

समर्थनगरात त्यांचं लहानसं बैठं घर होतं. लग्न केलं नव्हतं. विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. मी मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं जायचे, पोळ्या-भाजी करून द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पोळ्यांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "गोष्ट ऐकायला आवडते का?"

मी गप्प. मला पटकन बोलता येत नाही.

"बोलत नाहीस. बहोत अच्छा. बोलणाऱ्या तीन ठेवून पाहिल्या, निम्म्या गोष्टीत त्यांच्या सासवा शिरायच्या. उद्यापासून ये."

दुसऱ्या दिवशी कळलं की मला कशासाठी ठेवलंय. मी कणीक तिंबायला घेतली की ताई प्लॅस्टिकची खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या, मांडीवर कागद, कानामागं पेन्सिल. काल लिहिलेलं वाचून दाखवायच्या. वाचताना चष्म्याच्या वरून बघायच्या, पण माझ्या तोंडाकडं नाही. माझ्या लाटण्याकडं. लाटणं थांबलं की कागदाच्या कडेला पेन्सिलीनं एक बारीक खूण करायच्या.

मी एकदा विचारलं, "ताई, माझ्या हाताकडं का बघता?"

"तोंडावर माणूस खोटं दाखवतो. खूश नसला तरी हसतो. हाताला तेवढी अक्कल नसते."

कधी कधी लाटणं थांबायचंच नाही. मग त्या वाचता वाचता हळू व्हायच्या, शेवटी कागद खाली ठेवायच्या. एकदा तर चांगलं जाडजूड प्रकरण होतं, बऱ्याच दिवसांचं काम. माझी शेवटची पोळी झाली तरी एकही खूण नाही.

"कसं गिरणीसारखं चाललंय तुझं. फाडते हे."

"ताई, छान होतं की."

"खामखा तारीफ करू नकोस." आणि खरंच फाडलं. त्या कागदांवर मग मी पुढचे काही दिवस भाजी निवडली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा वडिलांच्या मेंढरांमागं गेली. आम्ही कन्नड तालुक्यातले, घाटाखाली उतरायचो, पावसाळ्यात परत वर यायचो. ताईंनी ऋतूसाठी पहिला भाग दिला तेव्हा ऋतू लहान होती, जोडाक्षराला अडायची, आणि मीही अडायचे. आम्ही दोघी एका पुस्तकावर दोन बोटं ठेवून वाचायचो. माझं बोट पुढं गेलं की ती रागवायची. दुसऱ्या भागापर्यंत तिचं बोट पुढं गेलं. तिसऱ्याला ती मला वाचून दाखवायला लागली आणि मी काम करत ऐकायला लागले. माझ्या संसारात मी कशाची वाट बघितली असेल तर नव्या भागाची. आणि गंमत अशी की मला तो आधीच तोंडपाठ असायचा, कारण सगळं माझ्या पोळ्यांवरनं गेलेलं. ऋतूला पुढचं सांगायचं नाही म्हणून मी ओठ आवळून बसायचे. ती म्हणायची, "मम्मी, तुला माहितीय, हसू नको."

ऐकणारं पोर समोर आलं की ताईंना जगाचं भान राहायचं नाही. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवडा जातो, कधी जास्त. पाण्याचा दिवस म्हणजे घरोघर लगीनघाई. एका पाण्याच्या दिवशी मी भाजी फोडणीला टाकून ताईंना म्हणाले, "नळ आला की मोटर लावा, मी दळण घेऊन येते." परत येऊन बघते तर मोटर बंद, नळ गेलेला, टाकी कोरडी. आणि ताई फाटकाशी उभ्या, हात हवेत, समोर दप्तर पाठीवर घेतलेलं कुणाचं तरी पोरगं. दिवाणजी विहिरीत पडला तो वर कसा आला, असं त्यानं विचारलं होतं. अजून त्यांचा बोकड निम्म्या विहिरीत होता.

"ताई, आता आठवडाभर काय करायचं?"

"ओरडू नकोस. पाणी परत येईल. हे पोरगं परत विचारायला येणार नाही."

आठवडाभर शेजाऱ्यांकडनं घागरी मीच आणल्या. पण मला राग आला नव्हता तेव्हा. उलट मी ते घरी सांगितलं आणि आम्ही तिघंही हसलो. ऋतूचे पप्पा म्हणाले, "लई भारी बाई हाय. पर हिच्या हातात बादली नाय द्यायची."

आता जे सांगायचं ते सांगते.

आमच्यात, आणि आणखीही बऱ्याच जातींत, बिजवराशी लग्न झालेल्या बाईनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा असतो. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईचा उठाव. त्याला सवतीचा टाक म्हणतात. नवं लुगडं आलं की अंगाला लावायच्या आधी टाकाला लावायचं. बांगड्या भरल्या तर आधी तिला दाखवायच्या. सणाचा घास आधी तिला. गेलेल्या बाईचं मन दुखू नये, तिनं सुखानं बघावं, म्हणून. मला माझ्या आईनं सांगितलं होतं तसं मी करते आणि मनातल्या मनात म्हणते, "आधी तुझं, मग माझं."

माझ्या टाकातली बाई म्हणजे कमल. ऋतूच्या पप्पांची पहिली. ऋतू तिची. ऋतू रांगतही नव्हती तेव्हा कमल काविळीनं गेली, आणि ऋतू पहिल्यांदा उभी राहिली ती माझं बोट धरून. लग्न ठरलं तेव्हा कमलची आई, वैजापूरची, माझ्याशी एकटी बोलली. म्हणाली, "पोरीला आत्ता काही सांगू नको. तिला तुझी माया लागू दे. मोठी झाली, समज आली, म्हणजे माझ्या घरी घेऊन ये. कमलच्या फोटोसमोर बसव आणि तू सांग. दुसऱ्या कुणाच्या तोंडनं नको. तुझ्याच." मी हो म्हणाले. त्या म्हातारीनं एवढंच मागितलं होतं माझ्याकडं. ऋतूला आम्ही टाक म्हणजे देवी सांगितलं होतं. गल्लीतल्या जाणत्या बायांना ओळखू आलं असणारच, पण अशा गोष्टी कुणी बोलत नाही.

एक दिवस कणीक तिंबताना माझ्या गळ्यातला दोरा तुटला आणि टाक परातीत पडला. ताईंनी उचलला, पदराला पुसला, उजेडात धरला.

"ही कोण गं?"

मी देवी म्हणणार होते. पण ताई अशा बघत होत्या की जसं त्या क्षणी त्यांना दुसरं काहीच ऐकायचं नाही. ऐकावं तर ताईंनी. मी हात तसेच पिठात ठेवून सगळं सांगितलं. कमलचं, ऋतूचं, वैजापूरच्या आजीचं, आधी तुझं मग माझं म्हणते तेही. मी इतकं कधी कुणाजवळ बोलले नव्हते. मला हलकं वाटलं.

ताईंनी नवा काळा दोरा आणून टाक स्वतः ओवून दिला. म्हणाल्या, "ही तुझी ठेव आहे माझ्याकडं. बिलकुल बाहेर जायची नाही."

सहावा भाग त्या त्यानंतर लिहीत होत्या. सावत्र आईची गोष्ट होती ती, हे मला माहीत होतं. सोनी आणि दिवाणजी अशा राज्यात जातात जिथं सगळे म्हणतात, राणी चेटकीण आहे, राजकन्येला छळते. ताई रोज वाचून दाखवायच्या. चावडीवरची म्हातारी, राणीला भिणारे शिपाई, बोकडाला झालेली कैद. माझं लाटणं किती वेळा थांबलं असेल. मग एक दिवस त्या खुर्ची घेऊन आल्याच नाहीत. आत खोलीत लिहीत बसल्या.

"आज नाही वाचत?"

"आज घसा बसलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं वाचलं, बोकड कैदेतनं सुटतो ते. मधलं काही राहिलंय असं मला वाटलं, पण विचारलं नाही. मला वाटलं, ज्यांचं पुस्तक त्यांना कळतं.

पुस्तक छापून आलं तेव्हा ऋतूची सहावीची परीक्षा चालू होती. ताईंनी तिच्या नावानं सही करून दिलं, मी परीक्षा होईपर्यंत कपाटावर ठेवलं. माझंही ठरलं होतं. ऋतूला समज आली होती, शरीरानंही ती मोठी झाली होती. परीक्षा झाली की येत्या रविवारी वैजापूरला जायचं आणि सांगायचं. काय सांगायचं ते मी मनात इतक्या वेळा जुळवलं होतं की भांडी घासतानासुद्धा ओठ हलायचे. पिशवी काढून ठेवली होती.

शेवटचा पेपर देऊन ऋतू आली, हातपाय न धुता पुस्तक काढलं. मी गॅलरीत गहू निवडत होते. ती उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागली. दोन दिवस वाचत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनी मागच्या दारानं राणीच्या महालात शिरली. राणी एकटी होती. तिनं नवा शालू उलगडला, पण नेसली नाही. गळ्यात एक चांदीचा चेहरा होता, त्यावर शालूचा पदर टेकवला आणि हळूच म्हणाली, आधी तुझं, मग माझं.

ऋतूनं ते एका दमात वाचलं. मग थांबली. तेच वाक्य पुन्हा वाचलं, हळू, पहिलीतल्यासारखं बोट ठेवून.

"मम्मी, हे तर तू म्हणतेस."

माझे हात सुपात होते.

"साडी आणली की. बांगड्या भरल्या की. तुला वाटतं मला ऐकू येत नाही, पण येतं." तिनं पान उलटलं. पलीकडं चित्र होतं, राणीचा गळा आणि त्यातला टाक, तसाच्या तसा. काही वेळ ती मनात वाचत राहिली. मग मान वर केली आणि माझ्या गळ्याकडं बघितलं.

"पुस्तकात ती देवी नाही," ती म्हणाली. "पुस्तकात ती त्या मुलीची खरी आई आहे. आणि राणी दुसरी आहे."

कितीतरी वर्षं जुळवलेल्या माझ्या बोलण्यातलं त्या वेळी मला एक अक्षर आठवलं नाही. मी म्हणाले, "तिचं नाव कमल होतं. तू लई लहान होतीस. काविळीनं गेली." एवढंच. गव्हातले खडे हातात धरून.

ऋतू रडली नाही. माझ्याजवळही आली नाही. म्हणाली, "थांब, पुढं काय होतं ते बघते." आणि भिंतीकडं तोंड करून शेवटपर्यंत वाचून काढलं. पुढचं सांगायला मी समोर बसले होते, आणि ती पुस्तकाला विचारत होती.

पुस्तकात शेवटी तो चांदीचा चेहरा बोलतो. राजकन्येला नावानं हाक मारतो. त्यानंतरचे काही दिवस ऋतू मधेच माझ्या गळ्याशी यायची, मिठी मारल्यासारखं करायची आणि टाकाला कान लावायची. मी श्वास धरून उभी राहायचे. मी काय सांगणार तिला? मला काय टाकाला बोलायला लावता येतं?

आणि एक दिवस म्हणाली, "तू घाबरलीस म्हणून सांगितलं नाहीस ना? मी तुझ्यावर माया करणार नाही म्हणून?"

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. राणी घाबरली होती."

मी वैजापूरच्या आजीचं सांगितलं, शब्द दिला होता ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण मोठ्या माणसानं सारवासारव केली की पोरं जसं ऐकतात, तसं. छापलेलं होतं ना ते.

त्या सगळ्याच्या आधी, वाचलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी ताईंकडं गेले. नेहमीसारखी कणीक मळली. ताई खुर्ची ओढून बसल्या. हसत होत्या. "वाचलं ऋतूनं?"

"वाचलं. ओळखलं तिनं."

"ओळखलं?" त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "काय म्हणाली?"

"ताई, मी तिला रविवारी सांगणार होते. वैजापूरला नेऊन. तुम्हाला माहीत होतं."

त्या कानामागची पेन्सिल काढून हातात फिरवायला लागल्या. "मला वाटलं तिला कळणार नाही. राणी आहे गं ती, महाल आहे, बोकड बोलतो. कोण म्हणेल की ती मुकुंदवाडीत राहते?"

"जिनं रोज ऐकलं ती म्हणेल."

"मंगल, हे बघ. आजवर जेवढ्या गोष्टी आहेत, सावत्र आई वाईटच. विष देते, जंगलात सोडते. तुझं ऐकलं आणि मला वाटलं, हे कुणीतरी सांगितलं पाहिजे. मी तुला चांगलं केलंय गं. राणी केलंय."

"मला चांगलं करा म्हणून मी कधी आले होते का तुमच्याकडं?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या म्हणाल्या, किती पोरांची पत्रं आलीत, एका मुलीनं लिहिलंय की माझीही दुसरी आई आहे आणि आता मी तिच्याशी बोलते. ते पत्र त्या आणायला उठल्या. खरंच असेल ते. त्या पोरीचं भलं झालं असेल. मी म्हणाले, "पत्र राहू द्या. एक सांगा. सगळं पुस्तक मला वाचून दाखवलं. तेवढंच का नाही?"

ताईंनी खिडकीकडं बघितलं. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं, घसा बसला होता असं पुन्हा म्हणता आलं असतं.

"तू नको म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या.

मी हात धुतले. कणकेवर ओलं फडकं झाकलं आणि निघाले.

रविवारी वैजापूरला गेलो. ऋतू फोटोसमोर बसली, बराच वेळ बघत राहिली. आजीनं मला आत बोलावलं.

"पोरीला आधीच ठावं दिसतंय. कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आलं, आजी."

"पुस्तकाला कुणी सांगितलं?"

मी खाली बघितलं. म्हातारीनं जेवायला वाढलं, ऋतूच्या डोक्यावरनं हात फिरवला. माझ्याशी ती नंतर बोलायची ती कामापुरतं.

उन्हाळा संपता संपता एका दुपारी दारात विजूताई. मुकुंदवाडीत त्या कधी आल्या नव्हत्या. गुडघे धरून जिना चढल्या होत्या, घामानं भिजल्या होत्या. ऋतू धावत गेली, त्यांची पिशवी घेतली. तिचा राग त्यांच्यावर नव्हताच. मी पाणी दिलं.

ताई पलंगावर बसल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना शब्द शोधताना बघितलं. "मी माफी मागायला आलेय. ठेव म्हणाले होते आणि खर्च केली. पुढच्या छपाईत ते पान काढते."

"ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातनं कसं काढणार?"

"नाही काढता येणार." त्यांनी मान खाली घातली. "पण एक करते. ही राणी कोण, हे माझ्या तोंडून कधी कुणाला कळायचं नाही. पुस्तकात राहू दे हवं तर, पण तू तुझी राहशील. तुझी शपथ, मंगल."

त्यांच्या पातळाच्या काठाला शिवण उसवली होती. पोळ्या त्या कुठून तरी विकत आणून खात होत्या, असं ऋतूकडनं कळलं होतं, ती मधून मधून त्यांच्याकडं जायची. माझं मन विरघळलं. इतक्या वर्षांचं दारातलं वाचन होतं ते, ते काही एका पानानं पुसत नाही. मी चहा टाकला. आलं घातलं. ताई चहा पीत म्हणाल्या, "सातवा भाग अडलाय. वाचून दाखवायला कुणी नाही." मी म्हणाले, "सोमवारपासून येते."

त्या उठल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ऋतू त्यांना सोडायला पिशवी घेऊन खाली गेली. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला आले.

खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. या कोण, असं कुणीतरी ऋतूला विचारलं असेल, कारण एकदम आरडाओरडा झाला, "आधी अर्ज करा, आधी अर्ज करा," आणि सगळी पोरं ताईंच्या भोवती गोळा झाली. शेजारच्या दारातून दोन लहान मुली धावत आल्या. ताई वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या. गुडघे दुखत होते त्या बाईचे, ते कुठल्या कुठं गेले. हात वर गेले, विहीर झाली, बोकड झाला. मला वरून सगळं ऐकू येत होतं. पोरं हसत होती. मलाही हसू आलं.

मग त्या दोन मुलींपैकी धाकटीनं विचारलं, "ती राणी खरी आहे का हो?"

ताई थांबल्या. मी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते. त्यांनी खाली त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं, ती आ वासून वाट बघत होती. मी ताईंना इतकी वर्षं बघितलंय. त्यांना काय होतंय ते मला वरून दिसत होतं.

"खरी आहे तर," त्या म्हणाल्या. आवाज बारीक केला, पोरं आणखी जवळ सरकली. "कुणाला सांगायचं नाही. ती इथंच राहते." आणि त्यांनी हात उचलला, बोट लांब केलं आणि माझ्या गॅलरीकडं दाखवलं.

सगळ्या पोरांनी वर बघितलं. ताईंचा चेहरा आनंदानं फुलला होता, मला काही देत असल्यासारखा. सोमवारी मी गेले नाही. तो चेहरा मी शेवटचा बघितला.

एकट्या ऋतूनं वर बघितलं नाही. हातातली पिशवी तशीच धरून ती ताईंच्या बोटाकडं बघत राहिली.